कागलच्या रीजंटांचं दफ्तर वाचायला द्या

मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन
आणि मा. मुख्याधिकारी, कागल नगरपरिषद यांस,


जयसिंगराव हे नाव कागलात रोज तोंडी येतं, ते तलावामुळं. गाव त्याचं पाणी पितं. पण हे जयसिंगराव कोण, असं शाळेतल्या पोराला विचारा. 'शाहू महाराजांचे वडील' एवढंच उत्तर मिळतं. कागल सीनिअर जहागिरीचे हे प्रमुख, जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, १८८२ पासून २० मार्च १८८६ ला निधन होईपर्यंत कोल्हापूर संस्थानचे रीजंट, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार पाहणारे, होते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि काळ कसला होता! गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना इंग्रजांनी वेडं ठरवलेलं. महाराजांच्या छळावरून 'केसरी' आणि 'मराठा'नं कारभारी माधवराव बर्व्यांवर तोफ डागली, पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं खोटी निघाली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. पुढं २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, महाराज गेले. वय अवघं वीस. तीन महिन्यांच्या आत, १७ मार्च १८८४ ला, आनंदीबाई राणीसाहेबांनी रीजंटांचाच थोरला मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. तेच आपले शाहू महाराज.

आपले धनी कैदेत असताना रीजंट काय करत होते? इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटापुढं त्यांचं कितपत चालत होतं? कुठं अडून बसले, कुठं सही करून मोकळे झाले? हे प्रश्न अवघड आहेत म्हणून टाळायचे नसतात. जयंतीला हार घालणाऱ्या गावानं ते विचारलेच पाहिजेत, आणि त्यासाठी कागद लागतात.

संस्थानचं दफ्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. त्यातली मोडी आज किती जणांना लागते? आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढायची, मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. शिकलेल्या माणसालाही एका पानाशी झुंजावं लागतं. नुसते फोटो काढून संगणकात टाकले तर सामान्य वाचकासाठी ते रुमालातच राहिले म्हणायचे.

म्हणून संचालक साहेब, १८८२ ते १८८६ या रीजन्सीच्या कागदांचं बाळबोध लिप्यंतर करून घ्या. चारच वर्षांचं काम आहे. पुराभिलेखागारातले जाणकार आणि मोडी शिकलेली तरुण मुलं मिळून ते उरकू शकतील. इंग्रजी पत्रव्यवहारही सोबत जोडा, नाहीतर एकाच बाजूचं बोलणं ऐकू येईल.

मुख्याधिकारी साहेब, त्याची एक प्रत कागलच्या वाचनालयात ठेवा. तलावाच्या बांधावर फलकही लावा. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं, हे त्यावर जरूर लिहा, पण रीजंटपदाची चार वर्षं आणि नगरच्या किल्ल्यातला तो मृत्यू गाळू नका.

कळावे,
कागलचा एक नागरिक