सबपॅनेलमधली अर्थिंग: माती नव्हे, तार

अमेरिकेतल्या जुन्या घराचं मुख्य पॅनेल भरलं, की शेजारी सबपॅनेल बसवून काही सर्किटं तिकडे हलवतात. तेव्हा हमखास एक युक्तिवाद पुढे येतो: मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलीच असतात, मग सबपॅनेलमध्येही जोडली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते परतीच्या वाटेत. दुसऱ्या ठिकाणी जोड दिला की परतणारा प्रवाह दोन्ही वाटांनी वाटला जातो आणि एरवी रिकामी राहायला हवी ती अर्थिंगची तार आणि पॅनेलचा पत्रा रोजचा भार वाहू लागतात. फीडर तीनच तारांचा असेल आणि त्यातली न्यूट्रल तुटली, तर उपकरणांच्या धातूच्या अंगावर 120 व्होल्टपर्यंत दाब चढतो, आणि ब्रेकर ढिम्म हलत नाही. म्हणून तिथला राष्ट्रीय विद्युत कोड चार तारांचा फीडर मागतो: दोन फेज, न्यूट्रल, अर्थिंग. सबपॅनेलमध्ये न्यूट्रलची पट्टी पेटीपासून अलग आणि अर्थिंगची पेटीला जोडलेली हवी.

‘मग सबपॅनेलजवळ वेगळा रॉड ठोकू,’ हा दुसरा तोडगा. कोळसा-मिठाच्या खड्ड्यावर विश्वास ठेवत आलेल्या मराठी माणसाला तो पटणं स्वाभाविक आहे. पण हिशेब करून पाहावा. रॉडचा रोध 25 ओहम धरला, तर 120 व्होल्टवर जेमतेम 4.8 अँपियर वाहतील. 15 अँपियरचा ब्रेकर तेवढ्याने कशाला पडेल? रॉड वीज कोसळल्यावर उपयोगी. दोषाचा प्रवाह मात्र तारेनेच मुख्य पॅनेलपर्यंत परतला पाहिजे. माती हा त्याचा रस्ता नव्हे, असं कोडही स्पष्ट बजावतो.

‘कपडे वाळवायचा ड्रायर तीन तारांवर इतकी वर्षं चालला की!’ ही तक्रार अधिक वजनदार आहे. 1996 च्या कोडने अशा नव्या सर्किटांना चार तारा सक्तीच्या केल्या, जुन्यांना सवलत ठेवली. पण न्यूट्रलवर इन्सुलेशन नसलेल्या केबलला ती सवलत 2023 च्या कोडपूर्वी सर्किट मुख्य पॅनेलमधून निघत असेल तरच होती. ते सबपॅनेलवर नेलं की उघडी न्यूट्रल पेटीला टेकू शकते आणि मुद्दाम राखलेलं अंतर संपतं. इथे नवी केबल ओढणंच खात्रीचं. खर्चाची सबब दिवाबत्तीच्या जुन्या दोन-तारी सर्किटांपुरती मान्य करता येते: भिंती न फोडता फक्त अर्थिंगची तार ओढता येते, नाहीतर 4 ते 6 मिलिअँपियर गळतीवर पुरवठा तोडणारं जीएफसीआय हे संरक्षक उपकरण बसवता येतं. त्याने माणूस वाचतो, अर्थिंग मिळत नाही; म्हणूनच त्याच्या तीन-पिनी सॉकेटवर ‘अर्थिंग नाही’ अशी चिठ्ठी लावणं बंधनकारक आहे.