बेकारी विमा आणि खिडकीपाशी मागितलेला पुरावा

१/
१९२० च्या दशकात इंग्लंडच्या ईशान्येला, टाईन नदीच्या काठी, जहाजबांधणीच्या कारखान्यांत काम आटत चालले होते. तेथील बेकार कामगार भत्त्यासाठी सरकारी कामगार केंद्राच्या खिडकीपाशी उभा राहिला, की काम शोधण्यासाठी तो कोणकोणत्या दारी जाऊन आला हे त्याला सांगावे लागे. त्या दारांमागे काम होते की नाही, याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते.

२/
बेकारी विम्याचा इतिहास बहुधा कायद्यांच्या सनावळीने सांगितला जातो. कायदा कधी झाला, भत्ता किती ठरला, किती लोकांना लागू झाला. परंतु हा विमा खरोखर कोणाच्या हाती पडला हे जाणून घ्यायचे असेल, तर प्रश्न वेगळा विचारावा लागतो : बेकारी सिद्ध करण्याचा भार कोणावर होता? या एका प्रश्नाच्या उत्तरावर लाखो घरांची चूल पेटली किंवा विझली.

३/
आरंभ चांगला होता. १९०९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये सरकारी कामगार केंद्रे स्थापन झाली आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांपैकी पहिली उघडली. व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते विन्स्टन चर्चिल, आणि केंद्रांची उभारणी ज्याच्याकडे सोपवली तो तरुण अधिकारी विल्यम बेव्हरिज. (होय, १९४२ च्या प्रसिद्ध अहवालाचे कर्ते तेच.) पाठोपाठ १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याचा दुसरा भाग आला. सक्तीचा बेकारी विमा राष्ट्रीय पातळीवर प्रथमच अस्तित्वात आला.

४/
व्याप्ती मर्यादित होती. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती, लोखंडाचे ओतकाम, वाहनबांधणी, लाकूड कापणे अशा ठरावीक धंद्यांतील सुमारे साडेबावीस लाख कामगार. कामगाराचे आठवड्याला अडीच पेन्स, मालकाचे अडीच पेन्स, वर सरकारची भर. काम सुटल्यास आठवड्याला ७ शिलिंग, तेही वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. एवढ्यावर कुटुंब जगत नसे. उपासमार टळावी इतकाच हेतू होता.

५/
या योजनेचे खरे वैशिष्ट्य भत्त्याच्या रकमेपेक्षा तिच्या वहीत होते. प्रत्येक विमेदार कामगाराच्या नावाची एक वही असे. मालक दर आठवड्याला टपाल कचेरीतून आणलेले विम्याचे तिकीट त्या वहीत चिकटवी. काम सुटले की वही कामगाराकडे परत येई आणि तो ती केंद्रात जमा करी. वही जमा झाली याचा अर्थ माणूस कामावर नाही. तिकिटे किती, यावरून भत्ता किती आठवडे मिळेल हे ठरे : पाच वर्गण्यांमागे एक आठवडा. केंद्राकडे एखादी रिकामी जागा असली तर ती त्याला देऊ केली जाई आणि ती योग्य असूनही त्याने नाकारली तर भत्ता थांबे. म्हणजे काम दाखवण्याची जबाबदारी केंद्राची होती. कामगाराच्या शीलाची परीक्षा घेण्याचे कारण कारकुनाला उरत नसे.

६/
आणि कारकुनाचा निर्णय अंतिमही नव्हता. नकार मिळाल्यास पंचांकडे दाद मागता येई. या पंचमंडळात एक अध्यक्ष, एक मालकांच्या बाजूचा आणि एक कामगारांच्या बाजूचा सदस्य बसे. त्यांच्याही वर सरपंच असे. सामान्य कामगाराला न्यायालयाची पायरी न चढता सरकारी नकाराविरुद्ध उभे राहता यावे, हा त्या काळात साधा विचार नव्हता.

७/
मग महायुद्ध आले आणि गेले. १९२० मध्ये हा विमा एक कोटीहून अधिक कामगारांना लागू झाला; शेतमजूर आणि घरकाम करणारे मात्र बाहेरच राहिले. नेमक्या त्याच सुमारास मंदी कोसळली. १९२१ च्या मध्यावर बेकारांची संख्या २० लाखांवर गेली होती. ज्यांच्या वह्यांत पुरेशी तिकिटे नव्हती त्यांनाही काही देणे भाग पडले, आणि देताना सरकारने एक अट घातली : अर्जदार 'खरोखर काम शोधत' असला पाहिजे. १९२४ मध्ये हीच अट सरसकट सर्वांना लागू झाली. गंमत अशी, की त्या वर्षी सत्तेवर मजूर पक्ष होता.

८/
वरवर पाहता अट रास्त वाटते. व्यवहारात तिने पुराव्याचे ओझे वहीवरून उचलून माणसाच्या मनावर ठेवले. अर्जदाराची मनःस्थिती हीच मुख्य बाब, असे खुद्द वरिष्ठ सरपंचाच्या निर्णयांत मानले गेले. आता मनःस्थितीचा पुरावा कसा द्यावा? बेकारांनी तो पायांनी दिला. गावात एकही जागा नाही हे ठाऊक असूनही ते कारखान्यामागून कारखान्याच्या फाटकाशी जात राहिले, कारण खिडकीपाशी नावे सांगावी लागत. ज्याला नेटके बोलता येई त्याचे भागे. जो अडखळे तो अडके. विवाहित स्त्रियांकडे तर मुळातच संशयाने पाहिले जाई. गिरणीत काम केलेल्या स्त्रीने घरकामाची नोकरी नाकारली, की तिचा भत्ता जाऊ शके. आणि ते घरकाम स्वतः विम्याबाहेरचे!

९/
१९२१ ते १९३० या काळात या एका अटीवर सुमारे ३० लाख अर्ज फेटाळले गेले. इतके लबाड त्या देशात होते काय? १९२७ च्या ब्लेन्सबर्ग समितीलाही गैरफायद्याचे प्रमाण अल्पच आढळले होते. तरीही तिने अट ठेवण्याचीच शिफारस केली. संशय हा आकड्यांवर जगत नाही, हे यातून दिसते.

१०/
१९३० मध्ये मजूरमंत्री मार्गारेट बाँडफील्ड यांच्या काळात ही अट रद्द झाली. ब्रिटिश मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री मंत्री. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, नव्या राष्ट्रीय सरकारने भत्ता १० टक्क्यांनी कापला आणि विम्याची मुदत संपलेल्यांसाठी घरच्या उत्पन्नाची झडती सुरू केली. मुलाची कमाई, मुलीची कमाई, गाठीला असलेली बचत, सारे मोजून मगच मदत ठरे. मिळवत्या मुलांनी घर सोडले तर बापाचा भत्ता वाढतो, अशी ही योजना. त्या झडतीचा कडवटपणा ब्रिटनच्या कामगार वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

११/
भारताकडे वळताना एक मराठी माणूस आधी भेटतो. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यात भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी. त्याच अधिवेशनात बेकारीविषयीचा करार संमत झाला : सरकारने मोफत रोजगार केंद्रे चालवावीत. भारताने १९२१ मध्ये तो स्वीकारला आणि १९३८ मध्ये त्यातून अंग काढून घेतले.

१२/
मधल्या काळात, १९३१ साली, व्हिटली आयोगाने भारतात बेकारी विमा सध्या शक्य नाही असे मत दिले. कारखान्यांत कामगारांची सततची ये-जा, आणि बाहेर काम मागणाऱ्यांचा अफाट लोंढा. अशात विमा कोणाचा उतरवायचा? युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकला. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारपण, बाळंतपण, अपघात यांना संरक्षण दिले. बेकारी यादीत आली नाही. पुढे मुंबईच्या गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा विम्याचे कार्ड दवाखान्यात चाले, पण गेलेल्या नोकरीबद्दल ते काहीच देत नसे.

१३/
ग्रामीण महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट काढली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. हा विमा नव्हे, पण पुराव्याचा भार येथे शासनावर होता. तरीही भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला. कारण १५ दिवस मोजायचे कुठून? अर्जाची तारीख असलेली पोच मिळाली तरच घड्याळ सुरू होते. म्हणून मजुरांच्या संघटना कामाइतकाच पोचपावतीसाठी भांडत आल्या. बाहेरच्याला क्षुल्लक वाटणारे ते भांडण खरे तर कायद्याच्या गाभ्याचे होते.

१४/
संघटित कामगारांसाठी २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली, ती कारखाना बंद होणे, कपात अशा ठरावीक प्रसंगांपुरती. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली : सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. आणि दावा पुढे पाठवायचा कोणी? ज्याच्याकडे शेवटची नोकरी होती त्या मालकाने. ज्याने काढले, त्याच्याच सहीसाठी पुन्हा त्याच्या दारात. शिवाय प्रतिज्ञापत्र करा, नोकरी सुटून ९० दिवस होईपर्यंत थांबा.

१५/
२०२० च्या टाळेबंदीने जे घडले ते अभ्यासण्याजोगे आहे. भत्त्याचा दर काही काळासाठी ५० टक्के झाला, याची बातमी मोठी झाली. त्याहून मोलाचे बदल खालच्या ओळींत होते. दावा थेट महामंडळाच्या शाखेत करता येऊ लागला, प्रतीक्षा ९० दिवसांवरून ३० वर आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतिज्ञापत्राची अटही गेली. म्हणजे या अटींवाचून योजना चालू शकते, हे सिद्ध करायला एक महामारी लागली.

१६/
लबाडी होईल, ही भीती प्रत्येक काळात पुढे केली जाते. तिचे उत्तर १९११ च्या वहीने देऊन ठेवले आहे : नोंद बोलू द्या. आज ती वही राज्य विमा महामंडळाच्या संगणकात आहे. कोणत्या विमेदाराची वर्गणी कोणत्या महिन्यात भरली गेली आणि कोणत्या महिन्यात थांबली, हे महामंडळाला कामगाराच्या अर्जाआधीच दिसते. मग वर्गणी थांबताच महामंडळाने स्वतःहून विमेदाराला मराठीत, हिंदीत, त्याच्या भाषेत कळवायला काय हरकत आहे, की तुमचा इतक्या दिवसांचा भत्ता होतो? मालकाने 'गैरवर्तन' म्हणून कामावरून काढल्याचे नोंदवले तर दावा बुडतो; तेव्हा ते शाबीत करण्याची जबाबदारी मालकावर हवी, ठरावीक मुदतीत. मुदत टळली तर भत्ता सुरू. नकार द्यायचाच असेल तर तो लेखी, कारणासह, आणि ज्यांच्यापुढे दाद मागायची त्या तिघांत एक माणूस कामगारांच्या बाजूचा.