परक्याच्या भरवशावर

आमच्या टीममध्ये सध्या एक नवीन फॅड आलंय. दुपारच्या चहाला कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ लावतं. एखादा गोरा पोरगा वीस-पंचवीस वर्षं जुनी गाडी घेऊन रशिया पार करतोय. सैबेरियात गाडी बंद पडते. एक ट्रकवाला थांबतो, दोर बांधून गावापर्यंत ओढत नेतो, त्याच्या घरी गरम सूप मिळतं, मेकॅनिक पैसे घेत नाही. सगळे गहिवरतात. आणि मग ठरलेला डायलॉग, "आपल्याकडे असं होणार नाही रे. आपली माणसंच तशी नाहीत."

माझ्या मते हे साफ खोटं आहे. आणि वर सोयीचंही आहे.

आधी रशियाचं बघू. तो ट्रकवाला देवमाणूस असेलही, पण याकुत्स्क ते मगदान या कोलिमा रस्त्यावर हिवाळ्यात पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो आणि वस्त्या एकमेकींपासून मैलोन् मैल लांब. इंजिन बंद पडलं की काही तासांत माणूस संपतो. आज मी थांबलो नाही तर उद्या माझ्यासाठी कोण थांबेल, इतका रोकडा हिशोब आहे तो. 2020 च्या अखेरीस अठरा वर्षांची दोन पोरं मगदानला निघाली होती. मॅपने जवळचा म्हणून जुना, वापरातून गेलेला रस्ता दाखवला. रेडिएटर फुटला, आणि त्या रस्त्याने कोणी जातच नव्हतं. एक जण गोठून मेला, दुसरा कसाबसा वाचला. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ही बातमी डोक्यातून जात नाही. अंतराचं गणित बरोबरच होतं हो! 'या रस्त्यावर माणसं असतात का' हा कॉलमच कोणी ठेवला नव्हता.

त्यात 2022 पासून आपली व्हिसा, मास्टरकार्ड रशियात चालत नाहीत. म्हणजे कार्ड स्वाइप करून अडचणीतून सुटायचा आपला लाडका मार्गही बंद. उरतात ती माणसं.

आता आपल्याकडे या. 2024 मध्ये विराजित मुंगळे लंडनहून गाडी चालवत आपल्या ठाण्यात आले. 59 दिवस, 16 देश, सुमारे 18,300 किलोमीटर, वाटेत रशियासुद्धा. आमच्या ग्रुपवर यावर पहिला प्रश्न काय आला असेल? "गाडी कुठली होती?" दुसरा, "मायलेज?" वाटेत कोण भेटलं, कोणी काय खाऊ घातलं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. आमचा विश्वास मशीनवर.

आणि "आपली माणसं तशी नाहीत" म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बाबांच्या 1999 च्या मारुती 800 मधून फिरावं. कसारा घाटात ती तापली की पाण्याचा कॅन घेऊन धाब्यावरचा पोऱ्या आपणहून येतो. एकदा पेट्रोलची टाकी गळायला लागली, तेव्हा एका टेम्पोवाल्याने अंगाच्या साबणाची वडी मळून भोक बुजवलं. त्यावर आम्ही खोपटला घरी पोचलो. पैसे? "चहा पाजा," म्हणाला. हे असं वर्षानुवर्षं चाललंय, फक्त त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

बदललो ते आपण. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. टेम्पोवाला थांबला तरी काय डोंबल करणार? बरं, तो थांबला तर आपण काच खाली करतो का? कंपनीची व्हॅन येईपर्यंत दारं लॉक करून एसीत बसतो. आणि दुसऱ्याची गाडी बंद दिसली की लेन बदलतो.

यावर पेटंट उत्तर, "पोलिसांचं लफडं कोण मागे लावून घेणार?" तर मंडळी, ही सबब आता एक्स्पायर झालीय. अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं, 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलं, आणि 2020 च्या नियमांनुसार त्याच्यावर नाव-गाव सांगायची सक्तीही करता येत नाही. नुसत्या बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला तर कुठलं कलम लागतं? रात्री लुटारूंची भीती वाटते, हे मात्र मान्य. विशेषतः बाई एकटी चालवत असेल तर. मग थांबू नका, पण 112 नाहीतर हायवेचा 1033 लावायला काय हरकत आहे?

सोसायटीत आमच्या गाडीला 'खटारा' म्हणतात, पार्किंगवरून कुरबुरी चालू असतात. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीच्या पुनर्नोंदणीची फी दहा हजार झाली, तेव्हा तीनचार जणांनी आनंदाने मला ती बातमी फॉरवर्ड केली. फी भरणार आहे. पुढच्या शनिवारी माळशेजमार्गे जुन्नर, त्याच गाडीने. डिकीत पाण्याचे दोन कॅन, ओढायचा जाड दोर आणि साबणाच्या दोन वड्या आहेत. चौघांची जागा आहे, एक अजून रिकामी.