पेठेतला रिकामा गाळा

मेनरोडच्या मागच्या गल्लीत आमच्या वाड्याचा एक गाळा आहे. वडिलांच्या हयातीत तिथे कापडाचे दुकान होते. गेली चार वर्षे शटर बंद आहे. कपडे मेनरोडला, भांडी भांडीबाजारात, सोने सराफ बाजारात, हा आमचा दिवाळीचा क्रम. आता सूनबाई कॉलेज रोडला जाते आणि, खरे सांगायचे तर, मीही तिच्यामागे जातो.

गेल्या महिन्यात भाचा आला. दिंडोरीकडे त्याची लहानशी वाइनरी आहे. म्हणाला, "मामा, गाळा मला द्या. माल चांगला होतो, पण गावात दाखवायला जागा नाही." क्षणभर आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. वाड्यात दारू?

पण त्याचे दुखणे खरे होते. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर नाशिक परिसरात वाइनरी उभ्या राहिल्या. २००८ नंतरच्या मंदीत अनेक लहान उद्योग न विकलेल्या साठ्यासकट अडकले. आपल्याला वाटते, खायची द्राक्षे उरली की त्यांची वाइन होते. तसे नाही. वाइनची द्राक्षे वेगळी: बारीक, बियांची, जाड सालीची. ती बाजारात कोणी घेत नाही. वाइनरी बुडाली की बागाईतदारही बुडतो. मोठ्यांकडे मुंबईचे पर्यटक जातात. लहानाने गिऱ्हाईक कुठून आणायचे?

इंग्लंडमध्ये २००५ साली केंट परगण्यातल्या हर्न गावी एका माणसाने खाटकाच्या जुन्या दुकानात चिमुकले मद्यगृह थाटले. गाण्यांचा गोंगाट नाही. लहान कारखान्यांची बिअर आणि गप्पा. पुढे अशी मद्यगृहे तिथल्या अनेक गावांतल्या रिकाम्या गाळ्यांत निघाली. भाडे कमी म्हणून लहान उत्पादकाला परवडले आणि ओस पेठेत संध्याकाळी माणसे दिसू लागली.

आपल्याकडे हे जसेच्या तसे चालणार नाही. दारूने मोडलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा उठलेला विरोध त्या अनुभवातूनच आला होता. म्हणूनच मला किराणा मालाच्या शेजारी बाटली नको. त्यापेक्षा वेगळे, परवानाधारक, ठरावीक वेळेचे दुकान बरे. जिथे बनवणारा स्वतः उभा आहे आणि कोणत्या शिवारातली द्राक्षे, हे सांगतो. चिवडा आपण असाच, करणाऱ्याच्या नावावर घेतो ना?

गाळा मात्र मी दिला नाही. समोर देऊळ आहे, पलीकडे शाळा. नियमही आड येतो आणि मनही. पण "नाही" म्हणून भाच्याला वाटेला लावले नाही. पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर त्र्यंबक नाक्याकडे निघालो, बंद शटरे मोजत. वाटेत त्याने विचारले, "मामा, उद्घाटनाला याल?"

म्हटले, "येईन. पण पेढे ठेव."