‘काम बंद’ म्हणणारा माणूस

दाभोळ म्हटलं की बाहेरच्याला एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवतो. खरं तर तो प्रकल्प दाभोळात नाहीच. फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं, पुढे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. एन्रॉन बुडाली, आज तिथे रत्नागिरी गॅस आणि कोकण एलएनजी आहेत.

उणे 160 अंशांच्या आसपास द्रवरूपात ठेवलेला तिथला नैसर्गिक वायू (एलएनजी) मोकळा झाला की सुमारे 600 पट फुगतो. त्याला वास नसतो, त्यामुळे नाकावर भरवसा चालत नाही. वेल्डिंगची पहिली ठिणगी पडण्याआधी वायुमापक फिरवून परवान्यावर सही करणारा माणूस, म्हणजे सुरक्षा अधिकारी, लागतो. आकडा पटला नाही तर ‘काम बंद’ म्हणणाराही तोच. जहाज धक्क्याला लागलेलं असताना असं म्हणायला छाती लागते. ती सुरक्षेच्या पदविकेत शिकवत नाहीत.

कारखाने कायद्याने 1000 कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला होता. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत ही मर्यादा 500 वर, धोकादायक प्रक्रियेत 250 वर आली. म्हणजे जागा वाढतील. पण हा अधिकारी उत्पादनप्रमुखाच्या हाताखाली बसवला, तर तो हेल्मेट वाटण्यापुरताच उरतो, हे आमचं स्पष्ट मत.

4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथा होतीलच. पण हे काम खरंच करायचं, तर गुहागर-दापोलीतल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांनी मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतल्या औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेची चौकशी जरूर करावी.