पांडा कुणाची बाजू घेतो?
झाओ बान्दी या चिनी कलावंतावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात: तो जाहिरातबाज आहे आणि त्याचा विनोद बिनविषारी आहे. बीजिंगच्या मध्यवर्ती ललितकला अकादमीतून १९८८ साली शिकून बाहेर पडलेल्या या चित्रकाराने तैलरंग बाजूला ठेवले आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची व एका खेळण्यातल्या पांडाची छायाचित्रे मांडायला सुरुवात केली. मांडणी थेट जनहितार्थ जाहिरातीची, त्यात कॉमिकसारखे संवादाचे फुगे. एका पोस्टरवर तो पांडाला विचारतो, सिगारेट ओढली तर चालेल का? पांडा उलट विचारतो, मी नामशेष झालो तर चालेल का? ही पोस्टरे बीजिंगच्या भुयारी रेल्वेत खऱ्या जाहिरातींच्या पंगतीला लागली.

पण साचा उचलला म्हणजे जाहिरात झाली, असे नव्हे. वांग ग्वांगयी या चिनी चित्रकाराने १९९०पासूनच्या आपल्या मालिकेत सांस्कृतिक क्रांतीच्या प्रचारचित्रांतले कामगार आणि सैनिक कोका-कोलासारख्या नावांना भिडवले. टीका झणझणीत होती, पण तिचे मुख्य गिऱ्हाईक राहिले दालने आणि संग्राहक. झाओने गाठला तो रोजचा प्रवासी. चीनमध्ये भिंतीवरून लोकांना शहाणपण शिकवण्याचा मान आधी शासनाचा, मग कंपन्यांचा. त्या जागी बाहुला कवटाळलेला प्रौढ पुरुष गंभीर चेहऱ्याने येऊन बसला, की उपदेश तसाच राहतो आणि उपदेशकाचा रुबाब तेवढा उतरतो. सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार घरी बसवले जात होते, त्या काळात नोकरी गेलेला माणूसही या पोस्टरांत आला, आणि आला तो आकडा म्हणून नव्हे.

शासनाने खपवून घेतले म्हणजे दात नाहीत, हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. नेत्यांना त्याने हात लावला नाही, हे खरेच. मात्र २००७च्या बीजिंगमधील फॅशन सप्ताहात त्याने पांडाच्या काळ्यापांढऱ्या वेशात लाचखाऊ अधिकाऱ्यासारखी पात्रे उतरवली, तेव्हा राष्ट्रीय प्राण्याचा अपमान झाला म्हणून लोक खवळले. बिनविषारी विनोदावर कोणी इतके चिडत नाही. टीकाकारांनी बोट ठेवायचेच, तर ते २००८वर ठेवावे. सिचुआनच्या भूकंपानंतर त्याने ‘कुंग फू पांडा’ या हॉलिवूडपटावर बहिष्काराची हाक दिली. तिथे तो खरोखरच प्रचारक झाला, कारण त्या वेळी पांडाला उलट प्रश्न विचारायची मुभा त्याने ठेवली नव्हती.