गंजावरचं झाकण

भंडाऱ्यातल्या एका बैठकीत मी खाजगीपणाच्या हक्काचा विषय काढला, तर आपलीच पोरं हसली. म्हणे, हे बंगलेवाल्यांचं खूळ. आपल्यापाशी लपवाले हायेच का?

चुलीवर गंज आहे ना? त्यावरचं झाकण कोणी उचलायचं?

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा दुरुस्त कायदा आला. गाईसोबत बैल, वळूही आले. इतक्यावर भागलं नाही. दुसऱ्या राज्यात कापलेल्या बैलाचं मांस नुसतं जवळ सापडलं तरी गुन्हा, आणि निर्दोष असल्याचं आरोपीनंच सिद्ध करायचं! म्हणजे शिपायानं गंजात डोकवायचं आणि पुरावा आमच्या मायनं द्यायचा. ६ मे २०१६ ला मुंबई हायकोर्टानं हत्याबंदी कायम ठेवली, पण ही दोन्ही कलमं उडवली. बाहेरून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी खाजगीपणावर घाला घालते, म्हणून. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्कच.

हे ऐकायला सत्तर वर्षं लागली. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येच माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलं होतं. डिसेंबर १९४८ मध्ये सीपी अँड बेरारचे (भंडारा तेव्हा त्याच प्रांतात) काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब म्हणाले, मला मान्य. हे विधिमंडळाच्या हाताबाहेर असावं. सभागृहानं ती पाडली. जयंतीला हार घालणाऱ्या पुढाऱ्यांना विचारा, हे ठाऊक आहे का.

कोणी म्हणेल, दार लावून बायकोला मारणारा, विटाळ पाळणारा यातून सुटेल. का म्हणून? हा हक्क माणसाचा, घरमालकाचा नव्हे. मार खाणाऱ्या बाईचा तर आधी.

आणि खैरलांजी? आपल्याच जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ ला जमाव भोतमांगेंच्या झोपडीवर चालून गेला, चौघांना मारून टाकलं. तो उंबरठा राखायला सरकार नव्हतं. त्याच सरकारला आमच्या गंजाचा वास मात्र बरोबर येतो!

वर्दी दारात आली तर विचारा: वारंट कुठाय? नसेल तर कारण लेखी नोंदवलंय का? पंच कोण? जप्तीच्या यादीची प्रत घ्या. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. तेही मागा, आणि मोहल्ल्यातल्या बायांना हे आधी सांगा. दुपारी घरात त्याच असतात.